नीती आयोगास खुले पत्र: परदेशी गिऱ्हाइकाची वाट किती दिवस पाहायची?

प्रति,
मा. उपाध्यक्ष आणि सर्व सदस्य,
नीती आयोग, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहे. दिवाणजी म्हणजे बिमांचा (ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळांचा) हिशेब ठेवणारा, कापड मोजून घेणारा, पगार वाटणारा आणि मालक गावाला गेले की कारखान्यातल्या शिव्या खाणारा माणूस. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. अर्थशास्त्र शिकलेलो नाही, बी.कॉम.ला पास होण्यापुरतं वाचलं होतं. तरी हे पत्र लिहितोय, कारण आपण 2047 सालापर्यंतचे आराखडे करता आणि त्या आराखड्यांत कापड विणणारा दिसतो, ते विकत घेणारा मात्र मला कुठे सापडत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका शेडमधले बारा माग भंगारात गेले. मी बघायला उभा होतो. आधी मोटारी काढल्या, मग धोटे, मग फण्या, आणि शेवटी बिडाचे सांगाडे घणानं फोडून टेम्पोत टाकले. अख्खा माग टेम्पोत चढवायला माणसं जास्त लागतात, तुकडे केले की दोघांत काम होतं. वजनकाट्याची पावती घेऊन मालक बाहेर आला, चष्मा कपाळावर सरकवून त्यानं आकडा दोनदा वाचला आणि पावती घडी करून खिशात ठेवली. माझ्याशी बोलला नाही. मीही काही विचारलं नाही.

या गावात पहिला यंत्रमाग 1904 च्या सुमारास विठ्ठलराव दातारांनी बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिलं आणि पंचगंगेकाठच्या एका लहानशा गावाचं महाराष्ट्राचं मँचेस्टर झालं. आज इथं लाखाहून जास्त माग आहेत. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातली माणसं इथं येऊन पोट भरतात. म्हणजे उद्योग कसा रुजतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. तो वाळतो कसा, हेही आता बघतोय.

आपल्या मंडळींचं जे धोरण वर्षानुवर्षं ऐकतोय त्याचा सारांश असा: कोरिया, तैवान, चीन ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं जायचं. स्वस्त मजुरीवर माल बनवायचा, श्रीमंत देशांना विकायचा, शेतातली माणसं कारखान्यात आणायची. वाट खोटी नव्हती, ती चालून लोक श्रीमंत झाले. पण त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला एक गिऱ्हाईक उभं होतं आणि दर वर्षी त्याचा खिसा फुगत होता. चीन डिसेंबर 2001 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत शिरला तेव्हा जगाचा व्यापार जोरात होता. 2000 च्या दशकात तो वर्षाला सरासरी 5 टक्क्यांनी वाढत होता. पुढच्या दशकात साडेचार, आणि या दशकात 3 टक्क्यांच्याही खाली. हे आकडे जागतिक बँकेचे, माझे नव्हेत. त्याच बँकेनं जून 2025 मध्ये सांगितलं की त्या वर्षी जगाची वाढ 2.3 टक्क्यांवर येईल आणि हे दशक 1960 च्या दशकानंतरचं सगळ्यांत मंद दशक ठरेल. पुढे वर्षाचा अंदाज थोडा वर सरकला, दशकाचं चित्र तेच राहिलं. विकसनशील देशांची वाढही व्यापाराच्या मागोमाग उतरली. आधी वर्षाला 6 टक्के, मग 5, आता 4 च्या आत.

बाजार उठल्यावर पाल टाकून काय उपयोग, असं आमच्याकडे विचारतात.

त्यात ऑगस्ट 2025 आला. अमेरिकेनं आपल्या मालावर 7 तारखेला 25 टक्के आणि 27 तारखेला आणखी 25 टक्के आयातशुल्क लावलं. इचलकरंजीचा बहुतेक माल देशातच खपतो, त्यामुळे आपलं काही बिघडत नाही असं आम्ही पहिले चार दिवस म्हणत होतो. मग निर्यातदारांसाठी कापड विणणाऱ्या शटललेसवाल्यांच्या, म्हणजे बिनधोट्याच्या नव्या मागवाल्यांच्या, ऑर्डरी थांबल्या. रिकामे बसलेले ते माग देशी बाजाराचं कापड विणायला लागले, तेही आमच्यापेक्षा वेगानं आणि कमी दोषाचं. साध्या मागाची मजुरी लगेच उतरली. दर पुढे खाली येवोत की वर जावोत, आमच्या ध्यानात एवढं आलं की कधी न बघितलेल्या देशातल्या एका सहीवर आमच्या गल्लीतल्या पिकाचा भाव ठरतो.

पिकाचा भाव म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यापैकी कुणी तो हिशेब केला असेल असं वाटत नाही. इथले निम्म्याहून जास्त छोटे यंत्रमागधारक खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, आम्ही फक्त विणून देतो. मजुरी ठरते पिकावर, म्हणजे इंचात आडवे धागे किती त्यावर. 52 पिकाचं कापड आणि पिकामागे 6 पैसे धरले तर मीटरला 3 रुपये 12 पैसे. साधा माग बारा तासांच्या पाळीत चाळीस-बेचाळीस मीटर विणतो. म्हणजे एका मागाची एका पाळीची कमाई 131 रुपये. यातून कामगाराची मीटरवरची मजुरी, वीज, कांडीवाला, वहिफणीवाला, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, घडीवाला, तेल, पट्टा, शेडचं भाडं आणि बँकेचं व्याज. उरेल ते मालकाचं. एखाद्या महिन्यात उरत नाही.

आता या 131 रुपयांवर आपले उपाय ठेवून बघू. विजेला सवलत मिळते, उपकार आहेत, त्यातून खर्च थोडा कमी होतो. पण त्यानं गिऱ्हाईक येत नाही. कापडासाठी उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना सप्टेंबर 2021 मध्ये मंजूर झाली, 10,683 कोटींची. मोठी बातमी होती. आमच्या मालकांनी मला ती वाचायला लावली. कृत्रिम धाग्याच्या आणि तांत्रिक कापडासाठी होती, आणि भाग घ्यायचा तर तेव्हा गुंतवणूक कमीत कमी 100 कोटी. मालकांनी विचारलं, ‘शून्यं नीट मोजलीस का?’ मी परत मोजली. 2019 च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांना 15 टक्के. सरकारनंच सांगितलं की यात वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींवर पाणी सोडावं लागेल. हेतू असा की वाचलेल्या पैशातून कंपन्या कारखाने काढतील. माल खपेना तर कारखाना कोण काढतो? आमच्या गल्लीतला अडाणी माणूससुद्धा आधी व्यापाऱ्याकडून पुढच्या सहा महिन्यांच्या कामाचा शब्द घेतो, मग मागाचं बघतो.

2011 च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणात 2022 पर्यंत देशाच्या उत्पन्नातला कारखानदारीचा वाटा 25 टक्के करायचा आणि दहा कोटी रोजगार उभे करायचे असं लिहिलं होतं. 2014 च्या सप्टेंबरात ‘मेक इन इंडिया’ आलं. तो वाटा पंचवीसच्या जवळपासही फिरकला नाही, होता तिथून उलट थोडा खालीच आला. आणि शेतीवरच्या माणसांचं काय झालं? सरकारच्याच श्रमबल पाहणीत 2018-19 ला शंभरातले 42.5 लोक शेतीत होते, 2023-24 ला 46.1. कोरिया-चीनच्या वाटेवर हा आकडा घसरायला हवा होता. आमच्या कारखान्यातले जत आणि विजापूरकडचे चौघे कोरोनात गावाला गेले, त्यातले दोघे अजून शेळ्या राखतात. पाहणीतल्या त्या वाढीचे चेहरे मला असे ओळखीचे आहेत.

सेवा क्षेत्र आहेच की, असं आपण म्हणाल. मान्य. 2024-25 मध्ये वस्तूंची निर्यात 437 अब्ज डॉलर आणि सेवांची 387 अब्ज. पुण्याच्या हिंजवडीत माझा भाचा त्याच पैशावर फ्लॅटचे हप्ते भरतो. पण त्या धंद्यात माणसं पन्नास-साठ लाख, आणि देशात काम करणारी किंवा शोधणारी साठ कोटींच्या घरात. सगळ्यांना हिंजवडीत बसवता येत नाही. तिथली वाहतूक बघता आहेत तेच जास्त झाले.

दुसरा दाखला शेजारचा. तयार कपड्यांच्या निर्यातीत बांगलादेशानं आपल्याला मागं टाकलं, त्याचं उदाहरण इथल्या प्रत्येक परिसंवादात ऐकलंय. त्यांच्या निर्यातीतला पाचातला चार हिस्सा कपड्यांचा. पण 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा कोसळून 1,134 माणसं गेली, तीही त्याच स्वस्तपणाची किंमत होती. आणि 2024 च्या जुलैत तिथली शिकलेली पोरं रस्त्यावर उतरली ती सरकारी नोकऱ्यांतल्या कोट्यावरून. एवढी निर्यात करूनही घरात पोरासाठी खात्रीची वाटावी अशी नोकरी सरकारीच उरली होती. शिवाय एकच धंदा आणि गिऱ्हाईक दोनच, अमेरिका आणि युरोप. त्यातल्या एकाला शिंक आली की ढाक्यात ताप. आपल्याला तेच व्हायचंय का, की तिरुपूर, सुरत, पानिपत, सोलापूर, इचलकरंजी यांनी एकमेकांचा आणि बांगलादेशाचाही भाव पाडत त्याच दोन दारांत उभं राहायचं? सगळेच गरीब देश एकाच वेळी निर्यातदार व्हायला निघाले तर घेणार कोण, हा प्रश्न मला तरी कुठल्या अहवालात नीट सोडवलेला दिसला नाही.

निर्यात बंद करा असं मी म्हणत नाही. 1991 आधीचे दिवस मी पाहिलेत. सुताचा कोटा आणि परमिट यांसाठी माझ्या वडिलांनी, ते जॉबर होते, मालकाबरोबर मुंबईच्या किती खेपा घातल्या ते घरात ऐकत वाढलो. ते दार परत लावू नये. पण परदेशी गिऱ्हाईक म्हणजे वरकड, हे धरून चाला. रोजची भाकरी घरच्या गिऱ्हाइकावर भाजायला हवी.

घरचं गिऱ्हाईक म्हणजे कोण, ते मला आमच्या गावात बसून दिसतं. भोवताली ऊस. हंगामात कारखान्याचं बिल शेतकऱ्याच्या खात्यावर पडलं की आठवड्याभरात आमच्या पेठेतल्या कापड दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. लग्नाचा बस्ता, पोरांचे कपडे, चादरी. बिल लांबलं की पेठ ओस. यासाठी मला कुठला सर्व्हे लागत नाही. 2024 मध्ये लाडक्या बहिणींना महिना 1,500 रुपये सुरू झाले तेव्हा शहाणी माणसं रेवडी म्हणून हसली. मीही थोडा हसलो होतो. पण शिवणकाम करणाऱ्या आमच्या शेजारणीनं त्यातून पोरीची शाळेची फी भरली आणि उरलेल्यातून गाऊनचं कापड घेतलं, ते याच गावातलं होतं. तरीही माझं मत असं की देणगीचा पैसा हा मजुरीच्या पैशाची बरोबरी करत नाही. देणगी निवडणुकीबरोबर येते आणि तिजोरी आटली की जाते. मजुरी वाढली तर पैसा दर आठवड्याला फिरतो.

या बाबतीत महाराष्ट्रानं देशाला एक गोष्ट आधीच दाखवली आहे आणि ती आमच्या शेजारच्या जिल्ह्यात सुरू झाली. सांगलीतल्या तासगाव तालुक्यातल्या विसापुरात 1965 ला विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम हा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात त्यानं माणसं जगवली, पुढे 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला, 1979 पासून लागू झाला. त्याचा पैसा कुठून आला? 1975 पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून माणदेशातल्या बाईला खडी फोडण्याची मजुरी. त्या मजुरीतून तिनं ज्वारी घेतली, लुगडं घेतलं. लुगडं कुठल्या तरी मागावर विणलेलं होतं. जग मंदीत असताना, तेलाचे भाव भडकलेले असताना एका राज्यानं परदेशी डॉलरची वाट न बघता आपल्यातच गिऱ्हाईक उभं केलं. 2005 चा केंद्राचा कायदा त्याच धड्यावर बेतला. आपल्या आयोगातल्या तरुण सल्लागारांना कोरियाचा इतिहास पाठ असतो, विसापूर नकाशावर दाखवता येईल का, शंका आहे. राग मानू नये.

मग करायचं काय, हे तुम्ही विचारणारच. दिवाणजीच्या खुर्चीतून दिसतं तेवढं सांगतो.

पहिलं उधारीचं. लहान उद्योगाला 45 दिवसांत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षीच्या करात धरायचा नाही, अशी तरतूद एप्रिल 2024 पासून लागू झाली. चांगली वाटली होती. झालं काय, की काही व्यापाऱ्यांनी लहान उद्योग म्हणून सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असलेल्यांना काम देणं कमी केलं आणि नोंदणी नसलेल्याकडे वळले. एकानं तर आम्हाला तोंडावर सांगितलं, ‘उद्यमचं रजिस्ट्रेशन रद्द करा, मग बीम पाठवतो.’ नुसती कराची भीती घालून भागत नाही. खर्चीवाल्याच्या मजुरीचं बिल पोर्टलवर चढलं की बँकेनं दुसऱ्या दिवशी त्यावर पैसे द्यावेत आणि व्यापाऱ्याकडून वसुली बँकेनं करावी. बिलावर आगाऊ पैसे देणारी यंत्रणा आहे, पण ती मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांसाठी चालते. बारा मागवाल्यापर्यंत ती आणा. आमचे निम्मे माग मंदीनं नाही, अडकलेल्या पैशानं बंद पडतात.

दुसरं, सरकार स्वतः किती मोठं गिऱ्हाईक आहे ते पाहा. शाळेचे गणवेश, दवाखान्यातल्या चादरी, पोलिसांचं कापड, आश्रमशाळांच्या सतरंज्या. 2024 ला आपल्या राज्यानं एक राज्य एक गणवेश केलं. कापड वरून एकाच ठिकाणी घेतलं, शिवायला बचत गटांना दिलं, स्वातंत्र्यदिन उलटला तरी कित्येक पोरं जुन्याच कपड्यात. मापं चुकली, तक्रारी झाल्या आणि डिसेंबरात तो कारभार परत शाळा समित्यांकडे गेला. यातून सरकारी खरेदी वाईट असा अर्थ काढू नका. खरेदी जिल्ह्यापुरती ठेवा, वर्षभर आधी ठरवा आणि पैसे वेळेवर द्या. कोल्हापूर-सांगलीच्या शाळांचं कापड इचलकरंजीतून, सोलापूरच्या दवाखान्यांच्या चादरी सोलापुरातून. नक्की खपणाऱ्या मालाचा शब्द मिळाला तर बँकही माग घ्यायला कर्ज देते.

तिसरं पाणी. हे मी मुद्दाम लिहितो, कारण विकासाच्या कागदात पाणी वेगळ्या खात्यात असतं. आमच्या शहराला नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. वारणेचं की दूधगंगेचं यावर वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, आणि पंचगंगेचं काय करून ठेवलंय ते तिच्या काठी उभं राहून नाकानंच समजतं. कापड रंगवण्या-छापण्याच्या प्रक्रियेला स्वच्छ पाणी लागतं आणि वापरलेलं पाणी शुद्ध करून सोडायला पैसा. दोन्ही अपुरं, म्हणून आमचं कोरं कापड ट्रकात बसून पाली, बालोतरा, अहमदाबादला जातं, तिथं रंगतं, छापतं आणि तिप्पट भावाचं होऊन परत आमच्याच पेठेत येतं. विणणारा 3 रुपये 12 पैशांवर, रंगवणारा पुढे. कोटींच्या गुंतवणुकीची अट असलेली ती प्रोत्साहन योजना एखाद्या वर्षी बाजूला ठेवा आणि त्याच पैशात वीस यंत्रमाग शहरांना सामाईक, नीट चालणारे प्रक्रिया प्रकल्प द्या.

कापसाचं राहिलं. आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. निर्यातदाराला सूत स्वस्त पडावं म्हणून. नेमका त्याच वेळी विदर्भ-मराठवाड्यातला कापूस बाजारात यायला लागतो. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, खासगी बाजारात त्याखाली. आम्हालाही स्वस्त सूत हवंच असतं, खोटं कशाला बोलू. पण यवतमाळच्या शेतकऱ्याच्या खिशातून हजार रुपये गेले तर त्याच्या घरात एक धोतरजोडी आणि दोन साड्या कमी येतात, आणि त्या आम्हीच विणणार होतो. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला राखायला आपण यवतमाळचं गिऱ्हाईक घालवलं. 22 सप्टेंबर 2025 ला कृत्रिम धाग्यावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आणला, 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यांवरही 5 टक्के केला, तो निर्णय उलट घरच्या गिऱ्हाइकाकडे पाहून होता. दिवाळीत त्याचा थोडा फरक जाणवला. असे निर्णय संकट आल्यावरच का सुचतात, एवढंच विचारतो.

माझी मागणी तशी लहान आहे. आपल्या पुढच्या आराखड्यात उत्पादनाच्या प्रत्येक लक्ष्यापुढे एक रकाना वाढवा: हा माल कोण घेणार आणि त्याच्याकडे पैसे कुठून येणार. निर्यात लिहायची असेल तर देशाचं नाव आणि त्या देशाची खरेदी दर वर्षी किती वाढते तेही लिहा. घरचं गिऱ्हाईक लिहायचं असेल तर त्याची मजुरी पाच वर्षांत किती वाढली ते लिहा. रकाना भरता आला नाही तर लक्ष्य खोडा. मी दररोज संध्याकाळी असंच रजिस्टर लिहितो. आवक एका बाजूला, जावक दुसऱ्या बाजूला, आणि जुळलं नाही तर घरी जात नाही.

आमच्या शेडमध्ये चोवीस माग आहेत, आज त्यातले सोळा चालू. उरलेल्या आठांसाठी भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेलाय. मालकांनी निर्णय दिवाळीपर्यंत लांबवलाय. आपलं उत्तर आलं तर मी त्यांना वाचून दाखवीन. मराठीत आलं तर बरं, हिंदीही चालेल.

आपला,
एक दिवाणजी
इचलकरंजी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर